भोईरशेठची धोलपुरी भिंत

मी दगडाच्या वखारीत नोकरी करते हे कळल्यावर मला बघायला आलेली पहिली तीन स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच. चौथ्यांनी होकार दिला, पण मुलाच्या आईने माझ्या आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, मुलीला दगड उचलावे लागतात का? आई म्हणाली, छे, ती नुसती सांगते. सासूबाईंनी हे वाक्य पुढे आयुष्यभर माझ्याविरुद्ध वापरलं.

कराडला सिव्हिलचा डिप्लोमा करून मी नवी मुंबईत आले तेव्हा इथे जिकडे बघावं तिकडे बांधकाम चालू होतं, पण साइटवर बाई ठेवायला कुणी तयार नव्हतं. तुर्भ्याला एका मारवाडी शेठजींनी राजस्थानी दगडाची वखार काढली होती, त्यांनी ठेवून घेतलं. त्यांचा हिशेब सरळ होता. गिऱ्हाइकांच्या बायका बरोबर येतात, त्यांच्याशी बोलायला बाई बरी. वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे भिंत वाचू शकणारा दुसरा माणूसच नाही. मग मी साइटवरही जायला लागले आणि गिऱ्हाइकांच्या बायकांशी शेठजी स्वतः बोलायला लागले. त्याचा धंद्यावर काय परिणाम झाला ते इथे लिहीत नाही.

आमचा माल म्हणजे सँडस्टोन. शाळेच्या पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात, वखारीत धोलपुरी नाहीतर जोधपुरी. कधीकाळी पाण्याखाली वाळूचे थर एकावर एक बसले आणि दाबून दगड झाले, एवढीच त्याची कथा. त्यामुळे हा दगड लावताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, तो जमिनीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा ठेवायचा. उभा केलात तर त्याचे थर पापडासारखे सुटतात. दुसरी, तो पाणी पितो. काळा दगड पावसात नुसता भिजतो, हा आत ओढून घेतो, आणि पाण्यात जे काय विरघळलेलं असेल तेही ओढून घेतो. बस. बाकी सगळं गवंड्याच्या हातात असतं.

आमच्या वखारीमागेच डोंगर होता. अस्सल काळा पाषाण. रोज दुपारी तिथे सुरुंग उडायचे आणि डोंगराची खडी होऊन नव्या शहराच्या पायात जायची. वखारीत बसलेलं गिऱ्हाईक त्या आवाजाने दचकायचं, चहा सांडायचं, आणि पुन्हा मला म्हणायचं, मॅडम, काहीतरी आपलं पारंपरिक दाखवा. मग मी त्यांना हजार-बाराशे किलोमीटरवरून ट्रकने आलेला गुलाबी दगड दाखवायची. तो बघून ते म्हणायचे, वा, याला म्हणतात आपली परंपरा. वाशीचे एक गृहस्थ तर सोफ्याचं कापड घेऊन आले होते, त्याला मॅच होईल असा दगड हवा म्हणून. मॅच झाला. मी करून दिला.

भोईरशेठ आले ते याच लाटेत. पनवेलच्या बाजूला, करंजाड्याच्या पुढे त्यांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, शेठचं आडनावही बदललंय. वडिलांची भातशेती होती आणि त्याहून जास्त वर्षं त्यांनी मिठागरावर काढली होती. शेती नव्या शहराच्या भूसंपादनात गेली. भोईरशेठ हुशार माणूस. त्यांनी दोन डंपर घेतले आणि खाडीतली रेती काढून नव्या बिल्डिंगांना पुरवायला लागले. डंपर वाढले, मग बंगला आला, आणि बंगल्याला पुढून दगडाची भिंत पाहिजे असं ठरलं.

"मॅडम," ते मला म्हणाले, "भिंत अशी पायजे का रस्त्यावरनं जानारा मानूस थांबला पायजे."

त्यांच्याबरोबर वांद्र्याचा एक तरुण आर्किटेक्ट होता. अभिजित नाव. हुशार, देखणा, आणि तोपर्यंत एकही दगडी भिंत न बांधलेला. तो सारखा मातीशी नातं, स्थानिक संवेदना असं बोलायचा, आणि भोईरशेठ आदराने ऐकायचे, कारण त्याची फी मोठी होती. त्याने काढलेल्या नकाशावर पारंपरिक दगडी भिंत असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात सिमेंट. जुन्या भिंती चुन्यात बांधायचे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, चुना आता मिळतो कुठे, पानवाल्याकडे?

कामाला आमचा रामसहाय मिस्त्री गेला. धोलपूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. दगड हातात घेतला की तो आधी कुशीवर वळवून बघायचा, कान लावून टिचकी मारायचा, आणि मग त्याला जागा द्यायचा. अभिजितने सांगितलं, गेटच्या दोन खांबांत दगड उभे लाव, रेषा वर जाताना छान दिसतील. रामसहायने मान हलवली आणि आडवे लावले. तिसऱ्यांदा पाडायला लावल्यावर त्याने उभे लावले, पण त्या दिवशी तो जेवला नाही असं त्याच्या माणसांनी मला सांगितलं.

खरी गोष्ट मात्र रेतीची आहे.

काम सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी साइटवर गेले तर रामसहाय रेतीच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता. त्याने एक चिमूट उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, चखिए."

मी जिभेवर ठेवली. खाडीची रेती, धुतलेली नाही, खारट म्हणजे आमटीत चालेल इतकी खारट. रेती अर्थातच भोईरशेठची. स्वतःचे डंपर असताना ते दुसऱ्याची रेती कशाला आणतील?

मी काय केलं ते नीट सांगते. आधी वखारीत शेठजींना फोन केला. ते म्हणाले, दगड आपला, रेती त्यांची, आपण आपल्यापुरतं बघावं. मग अभिजितला सांगितलं. तो म्हणाला, स्थानिक मटेरियल वापरणं हीसुद्धा परंपराच आहे. भोईरशेठना मी सांगितलंच नाही. माणूस आपल्या गावात, आपल्या अंगणात, खुर्ची टाकून बसलाय, वर चहा पाजतोय, त्याला तुमची रेती खराब आहे कसं सांगायचं? मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. हे कारण नाही, वय सांगितलं. प्रत्येक भेटीत वखारीचं एक तपासणीपत्रक भरायचं असायचं. त्यात एक रकाना होता, साहित्य तपासले. मी तिथे सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तपासलं तर होतंच.

एप्रिलमध्ये भिंत झाली. खरंच सुरेख झाली. रामसहायने दोन दगडांतला सांधा इतका बारीक ठेवला होता की त्यात पत्त्याचं पान सरकलं नसतं. वास्तुशांतीला अख्खं गाव आणि अर्धं पनवेल आलं, आणि भोईरशेठना हवं होतं तसंच झालं, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायला लागली. अभिजितने फोटो काढून घेतले आणि ते एका मासिकात छापून आले. त्यात भोईरशेठचं नाव होतं, अभिजितचं होतं, दगडाचंसुद्धा होतं. रामसहायचं नव्हतं.

भोईरशेठचे वडील, गावात सगळे त्यांना आबा म्हणत, रोज सकाळी भिंतीपुढे स्टूल टाकून बसायचे. सत्तरी ओलांडलेला काटक माणूस, पायांच्या टाचा मिठागराने कायमच्या भेगाळलेल्या. भिंतीबद्दल ते काही बोलत नसत. मी एकदा विचारलं, आवडली का, तर म्हणाले, "चांगली हाय. आमच्या डोंगराला काय झालेलं व्हतं?"

भोईरशेठ म्हणाले, आबा, तो काला दगड आता कोन लावतं?

पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं. दसऱ्याच्या आसपास भोईरशेठचा वखारीत फोन आला, भिंतीला बुरशी धरलीय. मी गेले. बुरशी नव्हती. सांध्यांच्या कडेकडेने पांढरी लव उगवली होती, आणि गेटच्या त्या दोन खांबांवर तर दगडाचा पापुद्राच सुटत होता. बोट फिरवलं की गुलाबी पीठ हाताला.

मग सगळे शहाणे जमले. शेठजींनी सांगितलं, ॲसिडने धुवा. धुतलं. आठ दिवस भिंत चकचकीत राहिली आणि नवव्या दिवशी दुप्पट पांढरी झाली. अभिजितने वांद्र्याहून एक महागडं पारदर्शक औषध आणलं, ते भिंतीला फासलं, आणि पाणी आत जायचं बंद झालं तसं आतलं बाहेर यायचंही बंद झालं. पुढच्या महिन्यात तेवढा भाग आतून फुगून वितीवितीच्या ढलप्यांनी पडला. भोईरशेठच्या भावकीतल्या कुणीतरी भिंतीला नजर लागलीय म्हणून लिंबू-मिरची बांधून घेतली. एवढ्या उपायांत नुकसान न करणारा तेवढाच एक होता.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळे त्या भिंतीपुढे उभे होतो. भोईरशेठ, अभिजित, शेठजी, रामसहाय आणि मी. अभिजित सांगत होता की दगडाची ही बॅचच खराब असणार. शेठजी म्हणत होते, मिस्त्रीने सिमेंट कमी घातलं. रामसहाय खाली बघत उभा होता. मला माहीत होतं आणि मी फाइल छातीशी धरून गप्प होते.

आबा स्टुलावरून उठले. भिंतीजवळ गेले, नखाने थोडं पांढरं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. चव घेतली. माणूस भात शिजला का बघतो तसे दोन क्षण थांबले.

"मीठ हाय," ते म्हणाले. "खाडीचा मीठ. चाळीस वर्सं ह्याच कामात गेली माजी, मना कोनी सांगायला नको." मग मुलाकडे वळले. "रेती धुतलीस का रं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुला म्हायती व्हतं?"

मी हो म्हणाले. तोंडातून कसं गेलं कोण जाणे. रामसहायने मान वर केली. शेठजी माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला वाटलं नोकरी गेली.

नोकरी गेली नाही, कारण भोईरशेठनी त्याच जागी उभं राहून ठरवलं की भिंत पाडून पुन्हा बांधायची, आणि मॅडमनीच उभं राहून बांधून घ्यायची. तो माणूस चिडला असेल, पण त्याला चांगली भिंत हवी होती आणि खरं कुणाला माहीत आहे हे आता कळलं होतं. अभिजितचा फोन त्या दिवसापासून लागेना.

दुसरी भिंत आम्ही चुन्यात बांधली. चुना मिळाला, पानवाल्याकडे जावं लागलं नाही. आधीचे दगड फेकायचे नाहीत असं रामसहायने ठरवलं. दगडाने मीठ प्यायलंय तर त्याला गोडं पाणी पाजून ते ओकायला लावायचं. त्याने विटांचा मोठा हौद बांधला, दगड त्यात बुडवले, आणि दर तीन-चार दिवसांनी तो पाणी बदलायचा. पाणी टँकरने यायचं. गावातल्या नळाला तेव्हा दिवसाआड पाणी यायचं, तेही तासभर. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि समोर शेठच्या दगडांची आंघोळ चाललेली बघायच्या. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, दगड व्हायला काय करावं लागतं. मी हसले. ती हसत नव्हती.

नवी रेती भोईरशेठनी नदीची मागवली. लांबून, दुसऱ्या माणसाकडून, दोनदा धुतलेली. पहिला डंपर आला तेव्हा त्यांनी स्वतः चिमूट घेऊन चाखली. मी बाजूलाच होते. तेव्हा मी त्यांना विचारलं की आता तुमच्या डंपरांतली खाडीची रेती बंद करणार का. ती बिल्डिंगांच्या स्लॅबमध्ये जाते, आत लोखंड असतं, मीठ दगडाचं पीठ करतं तर लोखंडाचं काय करील.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. रागाने नाही. धंद्यातलं काहीतरी सोपं समजावून सांगावं तसं म्हणाले, "मॅडम, ही भिंत माजी हाय."

तेवढंच. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं. रेती जातच राहिली.

आबांच्या कानावर हे कसं गेलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं, निदान शब्दात नाही. त्याच सुमारास गावातल्या मराठी शाळेला दोन नव्या खोल्या बांधायच्या होत्या आणि रेती भोईरशेठ फुकट देणार होते, तसा फलकही रंगवून तयार होता. डंपर शाळेच्या मैदानात आला तर आबा फाटकात स्टूल टाकून बसलेले. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग उतरून पाया पडला, मग बाकीचे आले. आबा हलले नाहीत. आरडाओरडा नाही, भाषण नाही. कुणी विचारलं की एवढंच म्हणायचे, हिच्यान मीठ हाय, पोरांच्या डोक्यावर नको. दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली आणि संध्याकाळी भोईरशेठ स्वतः आले. बापाला फाटकातून उचलायची हिंमत गावात कुणाला नव्हती, त्यांनाही नव्हती. डंपर परत गेला. शाळेला धुतलेली रेती मिळाली. फलक तोच लागला.

मला हे रामसहायने सांगितलं. मी तिथे नव्हते. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आबा पुन्हा आपल्या भिंतीसमोर बसलेले होते. म्हणाले, शालेचं झालं. मग म्हणाले, "बाकीच्या घरांचा काय गं? तू शिकलेली हाईस, तुजा कोन तरी ऐकल."

मी म्हणाले, बघते. खरं सांगायचं तर मी बघितलं सुद्धा. एका सरकारी कार्यालयात जाऊन आले, तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पुरावा काय म्हणून विचारलं, आणि मी चव म्हटल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. लेखी द्या म्हणाले. लेखी द्यायचं तर माझी ती सही मधे येत होती. मी दिलं नाही. वखारीत नवीन माल आला होता, जैसलमेरचा पिवळा, गिऱ्हाइकांची झुंबड होती. दिवस निघून गेले.

रामसहाय भिंत संपवून गावी गेला. जाताना त्याने भिंतीला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाला की आता शंभर वर्षं बघायला नको. त्याने सांगितलं म्हणजे खरंच असणार. आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी भेटायला गेले होते. बाराव्याला भोईरशेठनी भिंतीला लाइटिंग केलं होतं.

आता एवढं सांगितलंय तर उरलेलंही सांगते. भोईरशेठच्या भिंतीचं काम चालू होतं त्याच वर्षी आम्ही खांदेश्वरला फ्लॅट घेतला. स्टेशनजवळ, दुसरा मजला, हवेशीर. बिल्डिंगचं काम चालू असताना मी आणि नवरा एकदा बघायला गेलो होतो. रेतीचा डंपर खाली होत होता. डंपरच्या दारावरचं भोईरशेठचं नाव मी वाचलं. नवऱ्याला काही म्हटलं नाही. बुकिंग झालं होतं, कर्ज मंजूर होतं, आणि सासूबाईंना बाल्कनी फार आवडली होती.

सात-आठ वर्षांत बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडलं. मग जिन्याचं. मग आणखी काही वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या बाल्कनीचा एक तुकडा खाली आला, नशिबाने खाली कुणी नव्हतं. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगलेल्या. सोसायटीची खास सभा बोलावली. कुणी म्हणालं वॉटरप्रूफिंग, कुणी म्हणालं वरच्या मजल्याची टाकी गळते, कुणी म्हणालं बिल्डर चोर. मास्तर एकटे म्हणत होते की एकदा नीट तपासणी करून घेऊ या, आत काय आहे ते कळू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण बिल्डिंगमध्ये त्या लाइनची मी एकटीच.

मी तोंड उघडलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. दोन फ्लॅट तेव्हा विकायला निघाले होते, त्यांचे मालक पहिल्याच रांगेत बसलेले. मी म्हणाले, तपासणी काय, करता येईल केव्हाही.

मग सेक्रेटरींनी ठराव मांडला. भेगा भरून घ्यायच्या आणि बाहेरून टेक्स्चर पेंट मारायचा, तोही दगडी भिंतीसारखा दिसणारा, म्हणजे बिल्डिंगला पारंपरिक लुक येईल आणि फ्लॅटची किंमतही वाढेल. टाळ्या झाल्या. मास्तर सोडून सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

कंपनीचं शेडकार्ड टेबलावरून फिरत फिरत माझ्यापाशी आलं. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, तुमचं सगळं आयुष्य दगडात गेलं, यातला खऱ्या सँडस्टोनसारखा कुठला दिसतो ते तुम्हीच सांगा.

मी चष्मा लावला. कार्ड उजेडाकडे धरून सगळ्या छटा नीट बघितल्या आणि एकीवर बोट ठेवलं. सगळ्यांनी तीच मंजूर केली.